'देवीने कौल दिला' हे चूक का?

सुरंगी: गावच्या देवस्थानाच्या स्मरणिकेसाठी लेख दिला होता. देवीला प्रश्न विचारायचा, मूर्तीला लावलेली कुठली पाकळी पडते त्यावरून मिळतं ते उत्तर म्हणजे कौल. त्यातलं 'देवीने कौल दिला' हे वाक्य मुद्रितशोधनात 'देवीचा कौल मिळाल्याचे मानले जाते' असं झालं. कारण काय, तर कौल देतात ते मतदार. देवीने दिला असं छापणं विवेकाला धरून नाही. मालवणात आम्ही दुसरं काही म्हणतच नाही. मूळ वाक्य ठेवू ना?

कातळ: ठेवाच. आंगणेवाडीची जत्रा तिथीवर नाही, भराडीदेवीच्या कौलावर ठरते. तारीख कळली की चाकरमानी तिकिटांच्या मागे लागतात. निवडणुकीने हा शब्द देवळातूनच उचलला असावा.

खाडीकाठ: देवळात तरी तो कुठून आला? अरबीतून. कौल म्हणजे बोल, वचन. शिवकाळात कौलनामा देऊन रयतेला अभय देत. देवीच्या तोंडी दरबारी शब्द कशाला? गोव्यात 'प्रसाद' म्हणतात, तेच शुद्ध.

सुरंगी: पिढ्यान्‌पिढ्या देवापुढच्या गाऱ्हाण्यात, म्हणजे प्रार्थनेत, असलेला शब्द परका कसा? प्रसाद म्हटलं की आमच्याकडे हात पुढे येतो!

वल्हं: शब्द कुठलाही घ्या. पाकळी उजवीकडची पडते की डावीकडची, हे ओलाव्यावर आणि वजनावर ठरतं. संपादकांचं बरोबर आहे. 'मानले जाते' यात श्रद्धाही राहते आणि खरेपणाही.

कातळ: माझ्या काकांच्या ऑपरेशनच्या वेळी आजीने कौल लावला होता. गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात न्यायचं की मुंबईला, एवढंच विचारलं. डॉक्टरकडे न्यायचं की नाही, हा प्रश्न तिने देवीपुढे ठेवलाच नाही. काय विचारायचं हे तिने अकलेनेच ठरवलं होतं. दोन्ही बाजू सारख्या वाटल्या तेव्हाच ती देवळात गेली.

वल्हं: आजींना नमस्कार. पण सगळे इतकं पारखून विचारत नाहीत. जमिनीच्या वादात मनासारखी पाकळी पडेपर्यंत पुन्हा पुन्हा कौल लावलेला मी पाहिलाय. तिथे 'देवीने दिला' म्हणणं देवीवरही अन्याय आहे.

सुरंगी: तो दोष लावणाऱ्याचा. त्यासाठी माझं क्रियापद का बदलायचं?

खाडीकाठ: घरावरचं कौल ह्याच शब्दावरून आलं का?

कातळ: नाही हो. तो कौल आणि ते कौल, लिंगच वेगळं.

खाडीकाठ: लिंग बोलीत बदलतं. आमच्या राजापुराकडे…