सार्वभौमत्व नेमकं कुठल्या दारानं जातं: ब्रुसेल्स, जिनिव्हा की दिल्ली?

गंगापूररोड_वाचक

आमच्या वाचनालयात पुढच्या महिन्यात 'राष्ट्रांच्या वरची सत्ता आणि राष्ट्राचं सार्वभौमत्व' या विषयावर चर्चा आहे. टिपण काढायला बसलो तर सगळी भेळ झाली आहे. जिनिव्हाची डब्ल्यूटीओ (जागतिक व्यापार संघटना), ब्रुसेल्सचा युरोपीय संघ, नाणेनिधी, युनो, सगळं एकाच पोत्यात भरलेलं. एक गट म्हणतो जागतिक सरकार आलंच आहे, दुसरा म्हणतो सही तुम्हीच केली, आता कुरकुर कशाला.

यातली कोणती संस्था खरोखर देशाच्या वर बसते? आपल्याकडे आंतरराष्ट्रीय करार कायदा कसा होतो, आणि त्यात संसद आणि राज्य कुठे येतात? शक्य झाल्यास द्राक्ष, कांदा, एमआयडीसी अशी इथल्या माणसाला कळतील अशी उदाहरणं द्या. घोषणा नकोत, कलमं आणि तारखा हव्यात.

कलम_२५३

आधी पोतं सोडवू. देशाच्या वर बसणारी म्हणावी अशी संस्था प्रामुख्यानं एकच, युरोपीय संघ. बाकीच्या बहुतेक देशादेशांमधल्या करारावर चालतात. फरक ओळखायची खूण सोपी आहे: तुमच्या प्रतिनिधीनं 'नाही' म्हटल्यावरही नियम तुमच्यावर लागू होतो का?

युरोपीय संघात होतो. बहुतेक विषयांत मंत्रिपरिषदेत (सदस्य देशांच्या मंत्र्यांची सभा) ५५ टक्के देश (२७ पैकी १५) आणि ६५ टक्के लोकसंख्या एवढं जमलं की ठराव मंजूर. उरलेल्यांनी तो पाळायचा. विधेयक मांडायचा अधिकार जवळजवळ सगळा युरोपीय आयोगाकडे, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाकडे. युरोपीय संसदेत ७२० खासदार आहेत, पण त्यातल्या एकालाही स्वतःहून विधेयक आणता येत नाही. आपल्या लोकसभेत खासगी विधेयक निदान मांडता तरी येतं! आणि संघाचा कायदा देशाच्या कायद्यापेक्षा वरचढ, हे मूळ करारात कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते न्यायालयानं १९६४ च्या कोस्टा विरुद्ध एनेल या इटलीतल्या वीजबिलाच्या खटल्यात ठरवलं. टीकाकारांचं खरं दुखणं इथं आहे: एवढा मोठा अधिकार मतदानानं नाही, निकालानं गेला.

संघाच्या करारांबद्दल लोकांना विचारलं तेव्हा काय झालं तेही टिपणात घ्या. डेन्मार्कनं १९९२ मध्ये मास्ट्रिख्ट करार नाकारला, काही सवलती देऊन १९९३ मध्ये पुन्हा मतदान घेतलं. आयर्लंडनं २००१ मध्ये नीस करार नाकारला, २००२ मध्ये पुन्हा मतदान. २००८ मध्ये लिस्बन करार नाकारला, २००९ मध्ये पुन्हा. फ्रान्स आणि नेदरलँड्सनी २००५ मध्ये युरोपीय राज्यघटना फेटाळली, तर तिचा बराचसा गाभा लिस्बन करारात आला आणि तो त्या दोन्ही देशांत संसदेतूनच संमत करून घेतला. यातल्या कुठल्या करारावर 'हो' आलेलं मतदान मात्र कुणी पुन्हा घेतलं नाही. ब्रिटन बाहेर पडला तो लिस्बन करारातल्याच कलम ५० च्या दारानं, २०१६ चा कौल आणि ३१ जानेवारी २०२० ला प्रत्यक्ष बाहेर.

डब्ल्यूटीओत नवा नियम सर्वसहमतीनं होतो, म्हणजे एकटा भारतही अडवू शकतो. पण तंट्याच्या बाबतीत उलटं. १९९५ पासून पंचमंडळाचा अहवाल सगळ्यांनी मिळून नाकारला तरच पडतो, आणि जिंकलेला देश कशाला नाकारेल? तेवढ्यापुरती ती संस्था वर बसते. निकाल न पाळल्यास पोलीस येत नाहीत, समोरचा देश आपल्या मालावर जादा शुल्क लावतो. १९९९ मध्ये अमेरिकेनं असाच तंटा जिंकला आणि भारतानं उरलेली आयातबंधनं १ एप्रिल २००१ पासून उठवली.

आता आपली राज्यघटना. करार करणं हे केंद्र सरकारचं काम, सातव्या परिशिष्टातल्या केंद्रसूचीत नोंद १४. कलम ७३ मुळे मंत्रिमंडळ सही करू शकतं, संसदेची पूर्वसंमती लागत नाही. देशातला कायदा बदलायचा असेल तेव्हा कलम २५३ येतं: करार पाळण्यासाठी संसद कुठल्याही विषयावर कायदा करू शकते, तो विषय राज्यांचा असला तरी. शेती राज्यसूचीत आहे, गंमत म्हणजे तिथंही नोंद १४. दोन चौदा समोरासमोर आल्या की केंद्राची जिंकते.

याचा परिणाम बघा. पश्चिम बंगालमधल्या बेरुबारीचा तुकडा पाकिस्तानला द्यायचा तर सर्वोच्च न्यायालयानं १९६० मध्ये सांगितलं की घटनादुरुस्ती लागेल, म्हणून नववी दुरुस्ती झाली. बांगलादेशाशी भूखंडांची अदलाबदल करायला २०१५ मध्ये शंभरावी. पण १५ एप्रिल १९९४ ला मराकेशला डब्ल्यूटीओच्या करारावर सही झाली, शेतमालाच्या अनुदानावर मर्यादा आली, त्यासाठी एकाही विधानसभेला विचारावं लागलं नाही. जमिनीला दोन तृतीयांश मतं, त्या जमिनीत पिकणाऱ्या मालाच्या धोरणाला एक सही. डेन्मार्कच्या घटनेत कलम २० आहे: अधिकार बाहेरच्या संस्थेला द्यायचा तर संसदेत सहापैकी पाच हिस्से मतं, नाहीतर सार्वमत. असं काही आपल्याकडे नाही, आणि माझ्या मते मूळ छिद्र हेच आहे.

निफाड_बागाईत

वरचं कायद्याचं झालं. द्राक्षाचं उदाहरण घेताना लोक एक चूक हमखास करतात. युरोपनं रेसिड्यूची मर्यादा घातली की ओरड होते, आमच्या सार्वभौमत्वावर घाला. अहो, आपल्या बाजारात काय येऊ द्यायचं हा त्यांचाही हक्कच आहे. घाला कुठे होतो ते नीट बघावं लागतं.

नियम असा आहे: युरोपात ज्या औषधाला त्या पिकावर वेगळी एमआरएल (रेसिड्यूची, म्हणजे मालात उरलेल्या औषधाची कमाल मर्यादा) ठरलेली नाही त्याला सरसकट ०.०१ मिलिग्रॅम प्रतिकिलो. म्हणजे १० टन द्राक्षांत मिळून ०.१ ग्रॅम. चिमटीतसुद्धा नीट धरता येणार नाही एवढं. २०१० च्या हंगामात सीसीसी या वाढरोधकानं याच प्रकारची वाट लावली. खरड छाटणीनंतर शेंडावाढ रोखून काडी जाड व्हावी, घड निर्मिती चांगली व्हावी म्हणून ते फवारायचे. ते वेलीत साठून राहतं आणि पुढं मण्यात उतरतं, पण आपल्या तपासणीच्या यादीत तेव्हा ते नव्हतंच. इथल्या प्रयोगशाळेत माल पास, तिथल्या बंदरात नापास.

त्यानंतर यादी वाढली. आता ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्षांची सरकारी नोंदणी) दर हंगामाला प्लॉट नोंदवायचा, तिथल्या नियमावलीच्या ॲनेक्श्चर ५ मधलीच औषधं मारायची, ॲनेक्श्चर ९ प्रमाणे तपासणी. एक जरी औषध मर्यादेच्या वर गेलं तरी तो प्लॉट युरोपसाठी बंद. चुका ठरलेल्या: लेबलवरचा पीएचआय (शेवटची फवारणी ते काढणी यातले दिवस) भारतीय मर्यादेसाठी असतो, युरोपीय नाही, हे लक्षात न घेणं. दोन वेगळ्या नावांच्या बाटल्यांत एकच घटक निघणं. शेजारच्या लोकल मालाच्या प्लॉटवरून वाऱ्यानं फवारा येणं. आणि नमुना गेल्यावर 'एक शेवटचा हात' मारणं.

आता खरा मुद्दा. क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम या कीटकनाशकांच्या एमआरएल युरोपनं २०२३ च्या नियमानं खाली आणल्या, अंमल ७ मार्च २०२६ पासून. कारण खाणाऱ्याचं आरोग्य हे नव्हतं. कारण दिलं होतं मधमाश्या आणि परागीभवन करणारे कीटक, जगभरातले. म्हणजे पिंपळगावच्या बागेतल्या मधमाशीची काळजी ब्रुसेल्सनं घ्यायची. काळजी चुकीची आहे असं मी म्हणत नाही, मधमाशी मरतेच. पण आपल्या रानात काय फवारायचं हे ज्यांना आपण निवडून दिलं नाही आणि जे आपल्याला विचारायला बांधील नाहीत त्यांनी ठरवायचं, हा 'आमच्या ताटात विष नको'पेक्षा वेगळा अधिकार आहे. टिपणात हे दोन वेगळे ठेवा.

लासलगाव_मोंढा

द्राक्षवाले ब्रुसेल्सवर बोलणार, बोलू द्या. कांद्याचं काय? ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क. ७ डिसेंबर २०२३ ला अधिसूचना आणि ८ तारखेपासून निर्यातबंदी. मे २०२४ मध्ये उठली ती टनाला ५५० डॉलर किमान भाव आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरमध्ये शुल्क २० टक्के, १ एप्रिल २०२५ ला शून्य. यात जिनिव्हा कुठे आहे? उलट गॅटच्या (डब्ल्यूटीओचा मूळ व्यापार करार) कलम ११ मध्ये निर्यातबंदीला मनाईच आहे, सूट मुख्यतः अन्नाची गंभीर टंचाई असेल किंवा टाळायची असेल तर आणि तीही तात्पुरती. कागदावर तरी कांदेवाल्याच्या बाजूनं तो 'परका' नियमच उभा आहे.

विदेश व्यापार कायदा १९९२ च्या कलम ३ खाली एका रात्रीत बाजार बंद होतो. सार्वभौमत्व शाबूत, गोणी मात्र ट्रॅक्टरमध्ये पडून. आधी हे मांडा, मग युरोप.

कलम_२५३

मोंढेकर, मुद्दा कबूल. फक्त दिल्लीला मतदानातून जाब विचारता येतो, २०२४ ला आपल्या भागात कांद्यावर प्रचार किती तापला होता ते आठवा. आयोगाला किंवा लवादाला कुठल्या मतपेटीतून विचारणार? फरक तेवढाच आहे, पण तेवढ्यावरच सगळा वाद उभा आहे.

सातपूर_फास्टनर

एमआयडीसीपुरतं थोडक्यात. युरोपचा सीबीएएम म्हणजे सीमेवरचा कार्बन आकार. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून पैशाचा टप्पा सुरू. नट-बोल्ट (सीमाशुल्क शीर्षक ७३१८) त्यात आहेत. वर्षाला ५० टनांपेक्षा कमी माल आणणाऱ्या आयातदाराला सूट आहे. ती सूट त्याच्या एकूण मालावर मोजतात, तुमच्या एकट्याच्या नाही. इथं बरेच जण फसतात.

बोल्टच्या कारखान्यात वीज आणि भट्टी एवढंच उत्सर्जन दिसतं, पण मोजायचं असतं ते वायर रॉड बनवताना झालेलं, आणि तो आकडा पोलाद कारखान्याकडून यावा लागतो. तो मिळाला नाही तर आयोगानं ठरवलेला ढोबळ आकडा लागतो आणि तो सहसा जडच असतो.

सार्वभौमत्वाचा भाग असा: मूळ देशात भरलेली कार्बन किंमत वजा मिळते. म्हणजे भारतानं कर लावला तर पैसा आपल्या तिजोरीत, नाही लावला तर त्यांच्या. कर लावायचा की नाही हा निर्णय नावाला आपला उरतो.

गोदाकाठ

सगळे एकाच बाजूला झुकलेत, म्हणून उलटी बाजू. आखाड्यात पंच नसेल तर बारक्या पैलवानाचं काय होतं ते बघा. अमेरिकेनं डब्ल्यूटीओच्या अपील मंडळावर नेमणुका अडवल्या, डिसेंबर २०१९ पासून तिथं सुनावणीला लागणारे तीन सदस्यच नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लागलं तेव्हा अपिलाचं दार बंद. १९९८ मध्ये उघडं होतं. कासवांच्या नावाखाली कोळंबी अडवली म्हणून भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड मिळून गेले आणि अमेरिकेची पद्धत भेदभावाची ठरली. मात्र पद्धत सुधारल्यावर तीच बंदी २००१ मध्ये मान्य झाली, हे मधमाशीवाल्यांनी ध्यानात ठेवावं.

आणि आपणही साळसूद नाही. साखरेच्या तंट्यात ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाच्या तक्रारीवर डिसेंबर २०२१ मध्ये निकाल विरोधात गेला. भारतानं अपील टाकलं ते त्याच रिकाम्या मंडळापुढे. निकाल लटकला, एफआरपी (उसाचा ठरलेला किमान भाव) चालू राहिली.

मला जास्त खुपतं ते गुंतवणूक लवाद, जिथं परदेशी कंपनी थेट सरकारवर दावा लावते. व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या खटल्यात २०११ मध्ये भारत हरला, कारण आपल्या न्यायालयांत झालेला उशीर. आणि ज्या कलमावर हरला ते ऑस्ट्रेलियाच्या करारात नव्हतंच, कुवेतच्या करारातून उसनं घेतलं होतं! केर्न या तेल कंपनीच्या प्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये सुमारे १.२ अब्ज डॉलरचा निवाडा आला, ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेनं पूर्वलक्ष्यी (मागच्या व्यवहारांवर लावलेला) कर मागे घेतला. तो कर वाईटच होता, पण तो रद्द करायला हेगमधले तीन लवाद लागले. त्यातून शिकून २०१५ च्या नमुना करारात आधी पाच वर्षं इथल्या न्यायालयांत दाद मागायची अट घातली आणि पुढे बहुतेक जुने करार संपवले. अधिकार परत घेता येतात, त्याचं हे उदाहरण.

गंगापूररोड_वाचक

सगळ्यांचे आभार. निफाडकर, एक विचारायचं राहिलं: एमआरएल बदलायच्या आधी आपल्याला बोलायची काही सोय आहे का?

निफाड_बागाईत

आहे, वापरत कुणी नाही. युरोपला मसुदा डब्ल्यूटीओच्या एसपीएस (अन्न, प्राणी आणि वनस्पती सुरक्षा) समितीला कळवावा लागतो आणि हरकतींसाठी साधारण ६० दिवस मिळतात. ई-पिंग नावाच्या संकेतस्थळावर फुकट नोंदणी करा, द्राक्षासाठी ०८०६ आणि कांद्यासाठी ०७०३ हा क्रमांक टाका, मसुदा आला की मेल येतो. हरकत परस्पर ब्रुसेल्सला नाही, देशातल्या एसपीएस चौकशी केंद्रामार्फत जाते, म्हणून मुदतीच्या दोन-तीन आठवडे आधीच पाठवा.

पत्रात औषधाचा घटक, आपलं प्रमाण, शेवटची फवारणी आणि काढणी यातले दिवस, रेसिड्यूचे अहवाल आणि पर्यायी औषध आहे की नाही एवढंच लिहा. 'शेतकरी देशोधडीला लागेल' याला तिथं किंमत नाही. बदल झालाच तर आयात सहनमर्यादेसाठी (आयात मालापुरती एमआरएल) वेगळा अर्ज करता येतो, पण द्राक्षासारख्या मोठ्या पिकाला साधारण ८ शेतचाचण्यांची माहिती लागते. जुन्या, पेटंट संपलेल्या औषधासाठी हा खर्च कुठलीच कंपनी करत नाही. तो द्राक्ष बागायतदारांच्या संघानं किंवा निर्यातदारांनी मिळून करायला हवा, आणि दरवर्षी गाडं तिथंच अडतं.