गर्डर-चॅनेलचं बिल : तक्त्याच्या वजनावर की काट्याच्या?

गुण्या
शेड, पोटमाळा, जिना अशा कामांत किलोचा दर ठरतो, पण किलो कसे मोजायचे हे करारात कुणी लिहीत नाही. शेवटच्या बिलाला मालक वजनकाट्याची पावती मागतो, फॅब्रिकेटर दर मीटर वजनांचा प्रमाणित तक्ता पुढे करतो, आणि पैसे अडकतात.

माझं मत : अंदाज आणि बिल दोन्ही सेक्शनल वजनावरच हवेत. लांबी गुणिले तक्त्यातलं दर मीटर वजन. काम सुरू व्हायच्या आधी आकडा कळतो आणि कुणालाही तो टेप घेऊन तपासता येतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची रीतही हीच आहे. बसवलेल्या कामाची लांबी मोजायची, प्रमाणित तक्त्याचं वजन लावायचं, क्लीट (जोडाचे कोनी तुकडे), नट-बोल्ट मिळवायचे. गसेट (सांध्याची प्लेट) कितीही कोपरे कापलेला असो, त्याचा पूर्ण चौकोन धरायचा. तिरक्या कापाची किंवा बोल्टच्या नेहमीच्या भोकाची वजावट नाही. प्लेटला दर मिमी जाडीला चौरस मीटरमागे ७.८५ किलो.

उदाहरण घ्या. १२ × ६ मीटरचा पोटमाळा. आडवे गर्डर आयएसएमबी ३०० (आय आकाराचे, ३०० मिमी उंच), सहा मीटरचे ४ नग, म्हणजे २४ मीटर. वरून आयएसएमसी १२५ च्या (१२५ मिमी उंच चॅनेलच्या) १२ मीटरच्या ७ रांगा, म्हणजे ८४ मीटर. २४ × ४६.० = ११०४ किलो. ८४ × १३.१ = ११००.४ किलो. एकूण २२०४.४. यात काट्याचा संबंध येतोच कुठे?

कानस
संबंध येतो, कारण तुमचा तक्ता माल तक्त्याबरहुकूम आहे असं गृहीत धरतो. बाजारात री-रोलिंगचा (भंगार किंवा जुनं लोखंड पुन्हा लाटून केलेला) हलका मालही त्याच नावाने विकला जातो. फॅब्रिकेटर तो काट्यावर विकत घेतो आणि तक्त्यावर विकतो. मधला फरक मालकाच्या खिशातून जातो, आणि त्या फरकाचं लोखंड जागेवर नसतंच.

आयएसएमबी २०० पाहा. फ्लेंज (वरची आणि खालची आडवी पट्टी) १०० मिमी रुंद, १० मिमी जाड. ती ९ मिमी निघाली तर दोन फ्लेंज मिळून २०० चौ. मिमी लोखंड गेलं, म्हणजे मीटरमागे १.५७ किलो. तक्त्यातल्या मीटरमागे २४.२ किलोच्या हिशेबात साडेसहा टक्के. पैशाचं सोडा, लोखंड गेलं ते फ्लेंजमधून, मध्यापासून सर्वांत लांबच्या भागातून. त्यामुळे जडत्व-आघूर्ण, म्हणजे वाकण्याला विरोध करण्याचं माप, २१२० सेंमी⁴ वरून जवळपास आठ टक्क्यांनी घटतं आणि गर्डर तेवढा जास्त वाकतो. तक्त्यावरचं बिल हे झाकून टाकतं. काट्यावर ते लगेच दिसतं.

ओळंबा
काट्यावर लगेच दिसतं हे मोठ्या गाडीपुरतं ठीक. ६० टनी काट्याचा एक भाग १० किलोचा असेल तर भरलेली आणि रिकामी अशा दोन वजनांत मिळून २० किलो इकडेतिकडे होऊ शकतात. नऊ टनांच्या मालाला ते नगण्य. पण जिन्याच्या ३०० किलो चॅनेलला तीच चूक साडेसहा टक्क्यांच्या वर जाते, म्हणजे तुम्ही जो हलकेपणा पकडायला निघालात तेवढीच. शिवाय मालाखालचे लाकडी ओंडके, साखळ्या, भिजलेली ताडपत्री, दोन वजनांच्या मधे भरलेलं डिझेल. काट्याचा आग्रह धरणाऱ्याने निदान दोन्ही वजनं एकाच काट्यावर, त्याच दिवशी घ्यावीत आणि वैधमापन खात्याचा चालू वर्षाचा शिक्का पाहावा.

काट्याने उलटा तोटाही होतो. बीम-चॅनेलच्या वजनात रोलिंगची सूट (कारखान्यात लाटताना चालणारा फरक) अडीच टक्के, दोन्ही बाजूंनी. माल जड बाजूला निघाला तर डिझाइनने न मागितलेल्या लोखंडाचे पैसे मालक भरतो.

घण
दोघंही तक्ता एकच असल्यासारखं बोलताय. अर्धी भांडणं तिथेच होतात. आयएस ८०८ च्या (गर्डर-चॅनेलच्या मापांच्या भारतीय मानकाच्या) १९६४ आणि १९८९ च्या आवृत्त्यांत नाव तेच राहिलं, वजन बदललं. आयएसएमबी ३०० आधी ४४.२ होता, नंतर ४६.०. आयएसएमबी २०० उलटा गेला, २५.४ वरून २४.२. आयएसएमसी १०० ९.२ वरून ९.५६, आयएसएमसी १२५ १२.७ वरून १३.१. आयएसएमबी २५० मात्र ३७.३ वरच राहिला. म्हणून "नवा तक्ता म्हणजे जड" असा ठोकताळाही लावता येत नाही.

गुण्यांचा पोटमाळा जुन्या आकड्यांनी काढा : १०६०.८ अधिक १०६६.८, एकूण २१२७.६ किलो. फरक ७६.८ किलो, साडेतीन टक्क्यांहून जास्त. रोलिंगच्या सुटीपेक्षा मोठा! व्यापाऱ्याच्या खिशातल्या तक्त्यात आणि मोबाइलमधल्या ॲपमध्ये अजून जुने आकडे सापडतात. २०२१ ला आयएस ८०८ पुन्हा सुधारलं, त्यात समांतर फ्लेंजचे बीमही आले. करारात मानकाच्या नावापुढे वर्ष लिहा. त्याशिवाय "सेक्शनल वजन" या शब्दाला अर्थ नाही.

कानस
वर्षाचा मुद्दा पूर्ण मान्य, माझ्या नजरेतून तो सुटला होता. पण त्याने माझा आक्षेप मिटत नाही. वर्ष लिहिलं तरी माल हलका असू शकतोच. साइटवर फ्लेंजच्या काठाला कॅलिपर लावला की आयएसएमबी २०० साडेसहा-सात मिमी दाखवतो, हे कितीदा तरी दिसतं.

घण
कानस, तो माल कदाचित बरोबरच असेल. एमबीची फ्लेंज उतरती असते, आतल्या बाजूला आठ अंशांचा उतार. तक्त्यातली १० मिमी जाडी ही वेबपासून (मधल्या उभ्या पट्टीपासून) काठापर्यंतच्या बाहेर आलेल्या भागाच्या मध्यावरची. २०० मध्ये तो मध्य काठापासून साधारण २४ मिमी आत येतो, आणि तेवढ्या अंतरात उतारामुळे जाडी ३.३ मिमी बदलते. म्हणजे काठाजवळ ६.७ च दिसणार, शिवाय टोक गोलाईत असतं. काठाचं माप घेऊन माल परत पाठवणं हा पुरवठादारावर अन्याय आहे. चॅनेलचा उतार सहा अंशांचा, तिथेही मधेच मोजायचं.

मापावरून वजन काढायचं तर तीन पट्ट्यांची रीत वापरा. आयएसएमबी २५० : दोन फ्लेंज १२५ × १२.५, मिळून ३१२५. वेब २५० वजा २५, म्हणजे २२५ × ६.९ = १५५२.५. बेरीज ४६७७.५ चौ. मिमी, गुणिले ०.००७८५, येतात ३६.७ किलो. तक्ता ३७.३ म्हणतो. वरचा दीड टक्का वेब आणि फ्लेंजच्या सांध्यातल्या गोलाईचा. वेबची उंची २२५ ऐवजी पूर्ण २५० धरण्याची चूक सर्रास होते, मग ३८.१ येतात आणि हलका माल चांगला वाटतो.

ओळंबा
आणि संशय असेल तर पूर्ण गाडी कशाला, एक नग तोला. आयएसएमबी २०० चा १२ मीटरचा नग २९०.४ किलो. टांगत्या काट्यावर २८३ ते २९८ मध्ये बसला की प्रश्न संपला. नगाची लांबी मात्र टेपने मोजा, बारा म्हणून आलेला नग नेमका बारा असतोच असं नाही. प्रत्येक साइझचे दोन-तीन नग, माल उतरवतानाच, कापायच्या आधी. बसवल्यावर आणि रंग मारल्यावर भांडण्यात काही हाती लागत नाही.

गुण्या
हे मला पटतं : बिल तक्त्यावर, माल घेताना नगाची तपासणी. सुटीच्या खाली गेलेला माल परत. तो बसवून नंतर पैसे कापायचे, असं नको.

तुकड्यांचं पण ठरवा. ५.४ मीटरचे गर्डर १२ मीटरच्या नगातून दोनच निघतात, १.२ मीटर उरतात, म्हणजे १० टक्के. बसवलेल्या लांबीवर बिल असेल तर हा भार फॅब्रिकेटरचा, तो दरात धरलेला असावा. सरसकट "पाच टक्के वेस्टेज" लावण्यापेक्षा कापणीची यादी आधी करा. स्पॅन ५.९ असेल तर वेस्टेज जेमतेम दीड-दोन टक्के येतं.

कानस
परत पाठवायला मालकाचा माणूस साइटवर लागतो. छोट्या कामांत तो नसतो. माल उतरतो संध्याकाळी, सकाळपर्यंत कापून झालेला असतो. अशा ठिकाणी माझी अट हीच राहील : तक्ता आणि काटा, दोहोंपैकी कमी ते वजन. जड मालाचा तोटा मालकाला नाही, हलक्या मालाचा फायदा फॅब्रिकेटरला नाही.

घण
ही अट फॅब्रिकेटरवर एकतर्फी आहे. अडीच टक्क्यांच्या आत जड निघालेला माल त्याने मोजून विकत घेतलेला असतो, त्याचे पैसे त्याला कोण देणार? तो दर वाढवूनच देईल. तरीही लावायचीच असेल तर काटा गॅल्व्हनायझिंगच्या आधीचा लिहा. चौरस मीटरला ६१० ग्रॅम जस्त धरलं तर आयएसएमबी २०० च्या मीटरभर पृष्ठभागावर, सुमारे ०.७८ चौ. मीटरवर, ०.४८ किलो जस्त चढतं. दोन टक्के. दोन टक्के हलका माल त्या जस्ताखाली तक्त्याइतकाच भरेल.