मदत हवी आहे: पऱ्हाटीवरून ड्रोन नेताना व्हिडिओ अडखळतो, एनडी१६ लावूनही

धुऱ्यावरून (राळेगाव, यवतमाळ)
कापूस वेचणीचा व्हिडिओ करायचा आहे. डीजेआय मिनी ३, ४के, २५ एफपीएस (सेकंदाला २५ फ्रेम), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००. वेळ दुपारची, आभाळ निरभ्र, एनडी१६ (उजेड सोळापट कमी करणारी काच) लावलेला. पऱ्हाटीवरून तीनेक मीटर उंचीने सरळ नेला की ओळी टकटक उडत पुढे सरकतात. वावराच्या कोपऱ्यावर ड्रोन वळवला की चित्र झटके खात फिरतं. एक्सपोजर बरोबर आहे, शटर १/४०० (सेकंदाचा चारशेवा भाग) दिसतं. एनडी३२ घेऊ की ६४? की दोष दुसरीकडेच आहे?

शटर_पन्नास
उत्तर त्या १/४०० मध्येच आहे, भाऊ. २५ एफपीएसला शटर त्याच्या दुप्पट, म्हणजे १/५० च्या आसपास हवं. तुमचं त्याच्या आठपट वेगवान आहे, त्यामुळे एकेक फ्रेम कोरीव येते आणि मधली हालचाल कुठेच नोंदली जात नाही. डोळ्याला त्या उड्याच दिसतात. मिनी ३ चं अॅपर्चर (उजेड आत येण्याचं भोक) एफ/१.७ वर कायम असतं, लहान करता येत नाही. आयएसओही १०० च्या खाली जात नाही. म्हणून उजेड काचेनेच अडवावा लागतो.

कोणता एनडी, हे अंदाजाने ठरवू नका. फिल्टर काढा, ज्या दिशेने उडवायचं तिकडेच कॅमेरा करा, प्रो मोडमध्ये (सगळं हाताने ठरवायचा) आयएसओ १०० ठेवा आणि एम.एम. (स्क्रीनवरचा एक्सपोजरचा आकडा) शून्यावर येईपर्यंत शटर वेगवान करत न्या. जो आकडा येईल त्याला ५० ने भागा. १/३२०० आला तर एनडी६४. ढगाळ दिवशी १/८०० आला तर एनडी१६. तुमचं तर फिल्टर न काढताही निघतं: १६ गुणिले ४०० म्हणजे ६४००, त्याला ५० ने भागले की १२८, म्हणजे एनडी१२८ हवा. एनडी३२ ने तुम्ही १/२०० वर याल, ६४ ने १/१०० वर.

१२८ लगेच मिळाला नाही तर ६४ लावून २.७के, ५० एफपीएस घ्या. तिथे १/१०० हेच योग्य शटर आहे. एडिटिंगमध्ये २५ च्या टाइमलाइनवर निम्म्या वेगाने चालवा, वेचणीच्या दृश्यांना ती संथ चाल शोभते.

कडूनिंब
वरचं सगळं बरोबर, पण कोपऱ्यावरच्या झटक्यांचं कारण बव्हंशी वेगळं आहे आणि ते काचेने जाणार नाही. २५ एफपीएसला ड्रोन भरभर वळवला की १/५० वरही चित्र तुटतं. एखादं झाड चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला जायला सात सेकंद लागले पाहिजेत. मिनी ३ ला हे साधारण सेकंदाला १० अंश पडतं. सिने मोड लावा, सेटिंगमध्ये यॉचा (जागेवर वळण्याचा) कमाल वेग उतरवा आणि स्मूदनेस वाढवा. काठी हळू सोडा, एकदम सोडली की शेवटी हिसका बसतो.

आणखी एक तपासा. एडिटिंगचा प्रोजेक्ट ३० चा आणि क्लिप २५ ची, असं तर नाही ना? तसं असेल तर सॉफ्टवेअर सेकंदाला पाच फ्रेम दुबार दाखवतं आणि सरळ उड्डाणही ठेचकाळतं. गावाकडे लग्नाच्या व्हिडिओत हे फार दिसतं, कॅमेरे वेगवेगळ्या एफपीएसवर असतात.

धुऱ्यावरून
प्रोजेक्ट ३० चाच निघाला, बदलतो. दोन शंका. साठ मीटरवरून पूर्ण वावर दाखवताना पण १२८ लागेल का? आणि फुटलेली बोंडं पांढरीफट्ट होतात, त्यांच्यातला कापूसच दिसत नाही.

शटर_पन्नास
नाही, साठ मीटरवर काचेने फारसा फरक पडत नाही. हिशोब बघा: सेकंदाला ५ मीटर वेग, शटर १/५०, म्हणजे शटर उघडं असताना ड्रोन १० सेंटीमीटर सरकतो. कॅमेरा सरळ खाली असेल तर तीन मीटरवरून ४के मध्ये ही जवळपास ८५ पिक्सेलची पुसट रेघ होते. साठ मीटरवरून जेमतेम चार पिक्सेल. उंचावरच्या दृश्यांसाठी काच बदलायला ड्रोन उतरवू नका, तेवढी बॅटरी खालच्या उड्डाणाला ठेवा.

बोंडांसाठी ओव्हरएक्सपोजरची सूचना चालू करा (जास्त उजळ भागावर स्क्रीनवर पट्टे दिसतात), पट्टे कापसावर येणं थांबेपर्यंत शटर थोडं वेगवान करा, एम.एम. -०.७ च्या जवळ येईल. पानं जराशी गडद होतील, ती नंतर उचलता येतात. जळालेला पांढरा परत येत नाही. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ५५०० वर बांधून टाका. गडद एनडी रंगाला किंचित लालसर करतात, ऑटोवर तो मधेच बदलतो.

कडूनिंब
फिल्टर ड्रोन बंद असतानाच बसवा, गिम्बल (कॅमेरा स्थिर ठेवणारा भाग) बोटांत हलकं धरून. चालू केल्यावर गिम्बल मोकळं फिरतंय का बघा. मोटर ओव्हरलोडची सूचना आली तर फिल्टर जड आहे किंवा तिरपा बसलाय, तसाच उडवू नका. सूर्य समोर आणि वर असेल तर पंख्याच्या सावल्या काचेवर पडून चित्रात पट्टे चालतात. पाठीवर ऊन घेऊन उडवा. वावरात धूळ आणि काडीकचरा फार, उतरायला चटई अंथरा, काचेवर बसलेला कण उन्हात मोठा ठिपका होऊन दिसतो. पंख्याची कड खरवडलेली असेल तर आधी तो बदला. त्या थरथरीने १/५० वर सगळी फ्रेम मऊ पडते आणि दोष उगाच फिल्टरवर येतो.

सूर्य कलला की आकडा पुन्हा काढा. संध्याकाळी साडेपाचला १२८ लावलेलाच राहिला तर आयएसओ वर चढवावा लागतो आणि सावलीतल्या ओळींत दाणे येतात.