एकाच संगीतसंग्रहाच्या दोन प्रती : गरज की नसता व्याप?

धागालेखक

संगणकावरचे संगीत फोनमध्ये किंवा खिशातल्या प्लेअरमध्ये नेताना मूळ फाइल तशीच न्यावी की रूपांतर करून न्यावी, याबाबत माझे मत ठाम आहे. ज्यांना ते पटत नाही त्यांनी कारणांसह विरोध करावा, यासाठी हा धागा. सीडीवरून उतरवलेले संगीत संगणकावर फ्लॅक या काहीही न गाळणाऱ्या फाइल-स्वरूपात कायम जपावे आणि प्लेअरसाठी त्यावरून वेगळी, लहान प्रत करावी, जी कधीही पुसता आणि पुन्हा बनवता येईल.

सीडीवरच्या ध्वनीला सेकंदाला १४११ किलोबिट लागतात. फ्लॅक त्यातला एकही नमुना (ध्वनीचे क्षणोक्षणी घेतलेले मोजमाप) न गमावता लागणारी जागा साधारण निम्म्यावर आणते. एमपीथ्री आणि एएसी ही स्वरूपे मात्र कानाला जाणवण्याची शक्यता कमी असलेला भाग गाळून टाकतात, आणि गाळलेले पुन्हा मिळत नाही. म्हणूनच १२८ किलोबिटची एमपीथ्री ३२० वर नेली, तर फाइल अडीच पट मोठी होते, पण आवाज सुधारत नाही; उलट दुसऱ्यांदा गाळणी लागल्यामुळे थोडा आणखी बिघडतो. मी एके काळी सगळा संग्रह १२८ च्या एमपीथ्रीत करून सीड्या देऊन टाकल्या होत्या. पुढे असे रूपांतर करणारे एन्कोडर सुधारले, कार्डे मोठी झाली, पण नव्याने सुरुवात करायला माझ्याकडे मूळ असे काही उरलेच नव्हते. त्याची हळहळ अजून जात नाही.

प्रतिसाद १

तुमची हळहळ समजते, पण उपाय पटत नाही. मूळ जपायचे, हे मान्य. दुसरी प्रत कशासाठी? चार मिनिटांचे गाणे फ्लॅकमध्ये पंचवीस एमबीच्या आसपास जाते, म्हणजे १२८ जीबीच्या कार्डावर अशी सुमारे पाच हजार गाणी बसतात. एवढी गाणी सोबत असताना आणखी जागा वाचवून काय मिळवायचे आहे?

दोन प्रती ठेवल्या की त्या एकमेकींपासून दूर जाऊ लागतात, हा माझा खरा आक्षेप आहे. प्रवासात एखाद्या गायिकेचे चुकलेले नाव फोनवरच दुरुस्त केले जाते, मूळ फाइलमध्ये चूक तशीच राहते, आणि पुढच्या रूपांतरात ती पुन्हा फोनवर येऊन बसते. वर्षभराने कोणती प्रत बरोबर, हे सांगता येत नाही. माझ्याकडे हे दोनदा घडले आणि दोन्ही वेळा शेकडो फाइली एकेक करून तपासाव्या लागल्या.

धागालेखक

हा दोष खरा आहे, पण तो दोन प्रतींचा नसून दोन्हीकडे हात लावण्याचा आहे. दुरुस्ती फक्त मूळ फाइलमध्ये करायची आणि प्रत त्यावरून पुन्हा काढायची, एवढा एक नियम पाळला तर गोंधळ होत नाही. बदललेल्याच फाइली ओळखून नव्याने रूपांतरित करणाऱ्या आज्ञावली सहज मिळतात.

जागेचा हिशेब ज्याच्या त्याच्या संग्रहावर ठरतो. माझा संग्रह पाच हजार गाण्यांत मावत नाही. शिवाय बहुतेक जण आता ब्लूटूथ हेडफोन वापरतात आणि तिथे आवाज पाठवताना एसबीसी किंवा एएसीसारखे कोडेक (आवाज आटोपशीर करून पाठवण्याच्या पद्धती) त्यावर पुन्हा गाळणी लावतातच. फ्लॅकमधली ती अचूकता कानापर्यंत पोहोचणारच नसेल, तर ती कार्डावर वागवण्यात मला अर्थ दिसत नाही. २५६ किलोबिटची एएसी आणि फ्लॅक यांतला फरक, कोणते काय आहे ते न पाहता, मला ओळखता आलेला नाही.

प्रतिसाद २

आपण दोघेही स्वरूपावर भांडत आहात, पण ऐकणाऱ्याला रोज छळते ती मांडणी. प्लेअर फोल्डरचे नाव पाहत नाही, टॅग, म्हणजे फाइलमध्येच नोंदवलेली गाण्याची, कलाकाराची, अल्बमची नावे वाचतो. बारा गायकांची गाणी असलेल्या अल्बममध्ये ‘अल्बम कलाकार’ हा टॅग रिकामा राहिला, तर पुष्कळ प्लेअर त्या एका अल्बमचे बारा तुकडे करतात. याउलट काही साधे प्लेअर टॅगकडे लक्षच देत नाहीत आणि फाइली ज्या क्रमाने कार्डावर लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने वाजवतात. म्हणून टॅग पूर्ण भरावेत आणि फाइलच्या नावाआधी ०१, ०२ असे दोन आकडी क्रमांकही देऊन त्याच क्रमाने फाइली कार्डावर उतरवाव्यात. एकाचा भरवसा धरून दुसरे सोडू नये.

देवनागरीत टॅग लिहिणाऱ्यांची अडचण आणखी खोल आहे. एमपीथ्रीत टॅग ज्या पद्धतीने लिहितात त्या आयडी३च्या पहिल्या आवृत्तीत शीर्षकाला फक्त ३० बाइट मिळत आणि देवनागरीची सोयच नव्हती. २.४ आवृत्तीत यूटीएफ-८ (देवनागरीसह सगळ्या लिप्या साठवण्याची एक युनिकोड पद्धत) आले, पण जुने प्लेअर ती आवृत्ती नीट वाचत नाहीत, त्यांच्यासाठी २.३ आणि यूटीएफ-१६ ही दुसरी युनिकोड पद्धत हीच जोडी मला सुरक्षित वाटते. त्यातही ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येते : एक स्वतंत्र चिन्ह म्हणून किंवा ‘र’खाली नुक्ता देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, प्लेअरला मात्र दोन वेगळे कलाकार दिसू शकतात. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीनेही हेच होते, फक्त ती चूक निदान डोळ्यांना दिसते. हे सगळे रूपांतरापूर्वी मूळ प्रतीतच निस्तरावे लागते, आणि तेवढ्यापुरता मी धागालेखकांच्या बाजूचा आहे.

प्रतिसाद १

टॅगांबाबत सहमत. पण एक मुद्दा दोघांच्याही नजरेतून सुटला आहे. एमपीथ्री ११५२ नमुन्यांच्या चौकटींत साठवली जाते, आणि गाणे नेमके चौकटीच्या शेवटी संपत नसल्यामुळे एन्कोडर पुढेमागे शांतता भरतो. ती किती भरली याची नोंद वाचून प्लेअरने ती कापली नाही, तर सलग मैफलीत एका भागातून दुसऱ्यात जाताना मध्येच खाच ऐकू येते. ब्लूटूथवरूनही ती लपत नाही. फ्लॅकमध्ये ही भर पडतच नाही.

धागालेखक

हा मुद्दा मला मान्य करावाच लागेल. माझ्या जुन्या प्लेअरवर ती खाच मी अनेकदा ऐकली आहे आणि दोष ध्वनिमुद्रणाचा असावा असे समजत आलो होतो. सलग ध्वनिमुद्रणे मी आता रूपांतर न करता फ्लॅकमध्येच कार्डावर नेईन. माझ्याकडे असे चाळीसेक अल्बम आहेत. सुट्या गाण्यांच्या बाबतीत माझे मत बदललेले नाही.