भाजलेल्या मुलाचं ड्रेसिंग चालू असताना आईला बाहेर का काढतात?

लालबागकरीण
माझा अडीच वर्षांचा भाचा गरम पाण्याने भाजला. चाळीतली खोली, मोरीला लागून बादलीत रॉड लावलेला, त्याने बादली अंगावर ओढली. छाती, पोट, डावा दंड. शेजारच्या काकूंनी त्याला ताबडतोब मोरीत नळाखाली धरलं आणि चांगली वीस मिनिटं पाणी सोडलं. टूथपेस्ट घेऊन धावत आलेल्यांना परत पाठवलं. तेवढ्याने पुष्कळ वाचलं, असं डॉक्टर म्हणाले. उपचार चांगले चालू आहेत, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार ड्रेसिंगची आहे. एक दिवसाआड त्याला आत नेतात, दार लावतात आणि माझी बहीण बाहेरच्या बाकड्यावर बसून त्याचं रडणं ऐकते. आता हिरवा गाऊन दिसला तरी तो थरथरतो. रात्री आईला मिठी मारून झोपतो आणि झोपेत ‘नको नको’ म्हणतो. एवढ्या लहान मुलाला कळतं ते इतकंच, की दुखतं तेव्हा आई निघून जाते. टोपी, मास्क, गाऊन द्या, कोपरापर्यंत हात धुवायला लावा, पण आई किंवा बाबा यांपैकी एक जण आत असलाच पाहिजे. हा नियमच व्हावा, असं माझं मत आहे.

बर्न्सची सिस्टर
ताई, बहिणीचे हाल समजतात, तरी माझा विरोध आहे. कातडी गेली की जंतूंना अडवायला काही उरत नाही. आमच्याकडे मुलं दगावतात ती बऱ्याचदा पहिल्या दोन दिवसांत नाही, नंतर जंतुसंसर्गाने. एक खोली, एक टेबल, बाहेर आणखी सहा मुलं रांगेत. प्रत्येकाबरोबर एक माणूस म्हणजे किती चपला, किती खोकले?

दुसरं म्हणजे वेळ. उघडी जखम घेऊन पडलेलं लहान मूल भराभर गार पडतं, म्हणून आम्ही पंखा बंद करून घामाघूम होत हात चालवतो. आई दिसली की मूल तिच्याकडे झेपावतं, स्वच्छ केलेला हात पुन्हा चादरीला लागतो, सगळं पहिल्यापासून. आणि जखम पाहून चक्कर येऊन पडलेल्या आया मी उचलल्या आहेत. त्या वेळी मी मुलाकडे बघू की आईकडे?

उजवा हात
मी स्वतः लहानपणी भाजलो आहे, स्टोव्हच्या भडक्याने. आमच्या वेळी माणसं कमी, म्हणून आईलाच आत बोलावून माझे पाय धरायला लावायचे. पट्टी सुकून जखमेला चिकटलेली असे, ती ओढली की सालासकट निघे. त्या वेदनेत माझ्यासमोर चेहरा होता तो आईचा. पुढे कित्येक महिने तिने आंघोळ घालायला हात लावला तरी मी ओरडायचो. आईला आत घ्यायचंच असेल तर धरायला घेऊ नका. नाहीतर बाहेर राहू दे. दार उघडल्यावर उचलून घेणारं एक माणूस तरी मुलाला हवं.

चिंचपोकळी स्लो
धरायचं काम स्टाफचं, उशाशी बसून बोलायचं काम आईचं. यात कठीण काय? सिस्टर, तुमच्या सगळ्या अडचणी जागेच्या आणि माणसांच्या आहेत. त्याची शिक्षा मुलाला का?

भूलतज्ज्ञ
आई आत की बाहेर, यावर भांडण्याआधी विचारा की मुलाला दुखण्यावर काय दिलं. मूल आक्रोश करतं आहे याचा अर्थ औषध कमी पडलं. मोठ्या ड्रेसिंगला केटामाइन देता येतं. मूल गुंगीत राहतं, श्वास चालू राहतो. पण त्यासाठी मॉनिटर हवा, ऑक्सिजन हवा, आणि ड्रेसिंग न करता फक्त मुलावर नजर ठेवणारा एक डॉक्टर हवा. शिवाय उपाशी ठेवावं लागतं, जेवण साधारण सहा तास आधी बंद. भाजलेल्या मुलाला एरवीपेक्षा कितीतरी जास्त खाणं लागतं आणि आपण त्याला एक दिवसाआड उपाशी ठेवणार. म्हणून ड्रेसिंगची संख्याच कमी करणं हा खरा उपाय.

या बाबतीत मुंबईने जगाला शिकवलं आहे. परळच्या वाडिया बालरुग्णालयातल्या डॉ. केसवानींनी उकडलेल्या बटाट्याच्या साली गॉजवर लावून, निर्जंतुक करून पट्ट्या बनवल्या. 1985 साली त्यावर शोधनिबंध आला. साल ओलसर राहते, जखमेला चिकटत नाही, काढताना दुखत नाही. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात केळीच्या पानाचा असाच वापर झाला. त्याच रुग्णालयात 2000 साली त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत दिलेली त्वचा ग्लिसरॉलमध्ये टिकते, रक्तगट जुळवावा लागत नाही. खोल जखमेवर ती दोन-तीन आठवडे झाकण म्हणून बसली की वेदना आणि पाण्याचा ऱ्हास दोन्ही कमी होतात. आज चांदीयुक्त ड्रेसिंग काही दिवस तसंच ठेवता येतं, पण ते महाग पडतं. ताई, मागणी करायचीच तर ही करा.

लालबागकरीण
डॉक्टर, ही माहिती बहिणीला दाखवते. पण औषध हे आईच्या जागी येत नाही. गुंगी येईपर्यंत आणि उतरताना तो शुद्धीवरच असतो ना? तेवढा वेळ तरी ती उशाशी का नको? उजवा हात, तुमचं धरण्याबद्दलचं म्हणणं पूर्ण मान्य.

बर्न्सची सिस्टर
गुंगी येईपर्यंत आणि उतरताना, हे मी मान्य करते. पट्टी उघडल्यावर मात्र नाही, तिथे माझं मत बदललेलं नाही. पुढच्या ड्रेसिंगच्या आदल्या संध्याकाळी राउंडला डॉक्टर येतील, तेव्हा बहिणीने दोन गोष्टी विचाराव्यात: दुखण्याचं औषध ड्रेसिंगच्या किती आधी देणार, आणि उपाशी ठेवायचं असेल तर याचा नंबर सकाळी पहिला लावाल का. दुपारपर्यंत उपाशी ताटकळलेलं मूल आई आत असो वा बाहेर, रडणारच.

चिंचपोकळी स्लो
आणि त्याचं आवडतं खेळणं धुऊन आत नेता येईल का, हेही विचारायला सांगा.