ठरावीक रुंदीची ओळ तोडायला स्प्लिट का वापरू नये

धागाकर्ता:
काल एका सहकाऱ्याचा कोड तपासला. प्रथिनांच्या रचनेच्या पीडीबी फाइली वाचायच्या होत्या आणि अणूची प्रत्येक ओळ तो मोकळ्या जागेवर स्प्लिट करत होता, म्हणजे स्पेस दिसेल तिथे तोडत होता. मी अडवलं. ती ओळ ठरावीक रुंदीची, म्हणजे प्रत्येक माहितीची जागा घरं मोजून ठरलेली: अणूच्या स्थानाचा एक्स ३१ ते ३८, वाय ३९ ते ४६, झेड ४७ ते ५४ या कॉलमांत असतो. मध्ये जागा सोडायचा नियमच नाही. एक्स -१०२.३४१ आणि वाय -११०.२०७ असले की आठही घरं भरतात आणि ओळीत दिसतं ‘-१०२.३४१-११०.२०७’. स्प्लिटच्या लेखी हा एकच तुकडा. पायथॉन निदान एरर देतो. सीमधलं एटॉफ, म्हणजे मजकुराचा आकडा करणारं फंक्शन, -१०२.३४१ पर्यंत वाचून गप्प बसतं. मग वायला झेडची किंमत मिळते आणि झेडला त्यापुढच्या ऑक्युपन्सी या रकान्याचा आकडा. नाव, सुरुवात, लांबी असा तक्ता करा आणि त्यावरूनच कापा.

प्रतिसाद १:
तत्त्व मान्य, पण हाताने वीस रेंज लिहिणं म्हणजे चुकांना आमंत्रण. कागदावर मोजणी १ पासून, कोडमध्ये ० पासून. ३१-३८ चं ३०-३८ होतं (कोडमध्ये शेवटचा आकडा धरत नाहीत), तिथेच माणसं घसरतात. पायथॉनच्या पांडाज लायब्ररीचं रीड-एफडब्ल्यूएफ हे फंक्शन कॉलम स्वतः ओळखतं, ते वापरा.

धागाकर्ता:
ते ओळखतं म्हणजे पहिल्या १०० ओळी पाहून रिकाम्या पट्ट्या शोधतं. चिकटलेल्या आकड्यांत रिकामी पट्टी आणायची कुठून? रेंज स्वतः दिल्या तर ते उत्तम चालतं, पण मग तक्ता आलाच की!

प्रतिसाद २:
तक्त्यात समजा ‘लांबी २०’ लिहिलंत, पण वीस काय? बाइट की अक्षरं? ‘श्री’ वाचताना एकच अक्षर, युनिकोडमध्ये ४ कोडपॉइंट (सुटी चिन्हं), यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत १२ बाइट. फाइल बाइट मोजून लिहिलेली असेल आणि तुम्ही आधी डीकोड करून, म्हणजे बाइटची अक्षरं करून, कापलंत, तर देवनागरी नावानंतरची सगळी फील्ड सरकणार. आधी बाइट कापा, मग डीकोड करा.

धागाकर्ता:
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तक्त्यात एकक हवंच.

प्रतिसाद ३:
आणि ओळीच्या शेवटच्या स्पेस एखाद्या एडिटरने खाल्ल्या तर? तुकडा कापणारं जावाचं सबस्ट्रिंग एक्सेप्शन (एरर) फेकतं, पायथॉनचं स्लाइस मुकाट रिकामी स्ट्रिंग देतं. मी आधी ओळ पूर्ण लांबीपर्यंत स्पेसने भरून घेतो.

धागाकर्ता:
इथे मात्र नाही पटत. आखूड ओळ म्हणजे अर्धवट उतरलेली फाइलही असू शकते. तिला स्पेस भरून सरळ केलंत तर कळणार कसं? मी ओळ क्रमांक सांगून थांबतो.

प्रतिसाद ३:
लाखभर ओळींत फक्त शेवटचा शेरा रिकामा असेल, तरीही थांबणार?

धागाकर्ता:
शेरा ऐच्छिक आहे असं तक्त्यात लिहिलेलं असेल तर नाही. नसेल तर हो, पहिल्याच ओळीला.