कार्बन फूटप्रिंट: पदचिन्ह, पाऊलखूण की भार?

सांताक्रूझकर: विद्यापीठाच्या एका संकुलातल्या कार्बन फूटप्रिंट मोजणीचं, म्हणजे आपल्यामुळे हवेत किती कार्बन डायऑक्साइड आणि तसे तापवणारे वायू जातात त्या हिशोबाचं, माहितीपत्रक मराठीत करतेय. ‘कार्बन पदचिन्ह’ लिहिलं, तर कँटीनच्या मावशींनी विचारलं, ‘कुणाच्या पादुका बसवताय?’ वाचणार वॉचमन, कँटीनवाले, वायरमन. शिवाय या हिशोबाचे तीन गट असतात, स्कोप १, २, ३, त्यांना काय म्हणावं?

जुनी वही: ‘कर्बठसा’. कर्ब म्हणजे कार्बन. आम्ही शाळेत कार्बन डायऑक्साइडला कर्बद्विप्राणिल वायू म्हणतच शिकलो, काही अडलं नाही.

मृद्गंध: कर्ब नकोच. माती परीक्षणाच्या कागदावर ‘सेंद्रिय कर्ब’ असतो आणि तो वाढावा म्हणून आम्ही शेणखत घालतो. इथल्या कित्येक वॉचमनदादांची शेती गावाला आहे. ‘कर्ब घटवा’ वाचून ते काय समजतील?

जुनी वही: संदर्भाने कळतं. ‘कर’ म्हणजे हातही आणि टॅक्सही. कोण गोंधळतं?

पिंपळपान: पाऊलखूणही नको. पाऊलखुणांवरून चालायचं असतं, ही तर पुसायचीय. मूळ ‘इकॉलॉजिकल फूटप्रिंट’, म्हणजे माणसाच्या गरजांना किती जमीन लागते तो हिशोब, रीस आणि वॅकरनागेल या अभ्यासकांनी १९९०च्या दशकात मांडला, तो जमिनीच्या क्षेत्रफळात. तिथे पाऊल शोभतं. आता मोजतात टनांत, म्हणून ‘कार्बनभार’.

मीटररूम: मी एका कॉलेजात विजेचं काम बघतो. आमच्याकडे भार म्हणजे लोड, बिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो. स्कोपचं म्हणाल तर पहिलं आपण स्वतः जाळलेलं किंवा सोडलेलं: जनरेटरचं डिझेल, कँटीनचा सिलिंडर, एसीतून गेलेला गॅस. दुसरं विकत घेतलेली वीज. तिसरं बाकीचं: मुलांचं येणंजाणं, कचरा. लिटरभर डिझेलमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड, ग्रिडच्या युनिटमागे साधारण ०.७ किलो. पण एसी विसरू नका. आर-४१०ए हा गॅस एक किलो गेला, तर तो २,००० किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो. एसी दुरुस्तीच्या वहीत दर उन्हाळ्यात ‘गॅस भरला’ अशी नोंद असते, आधीचा गेला कुठे ते कुणी लिहीत नाही. कपात करायची तर ती वही आधी उघडा.

सांताक्रूझकर: ‘आपण जाळलेलं-सोडलेलं, विकत घेतलेली वीज, बाकीचं’ हे घेतेच! आणि गॅस भरल्याच्या नोंदीही मागवते.

जुनी वही: निदान गॅसच्या जागी ‘वायू’ लिहा.

मीटररूम: मेकॅनिकच्या तोंडी गॅसच आहे. त्याने वाचायला हवं ना?

पिंपळपान: मग ‘वायुगळती’चं काय? तो तर रुळलेला शब्द.

मृद्गंध: वर्तमानपत्रात रुळलेला. आमच्या घरात सिलिंडर लीक होतो, गळतं ते छप्पर.